आप्त म्हणजे कोण?

तत्त्वज्ञान म्हटलं की आपण जरा दचकतोच. पण त्यातला एक मूळ प्रश्न आपणा परदेशस्थांना रोज पडतो: एखादी गोष्ट खरी आहे, हे कळायचं कशावरून?

गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं, म्हणजे 'प्रमाणं' दिली आहेत. स्वतः पाहिलं, ते प्रत्यक्ष. डोंगरावरच्या धुरावरून आग ओळखली, ते अनुमान. 'गवय गाईसारखा दिसतो' हे ऐकलेलं आठवून रानात तो ओळखला, ते उपमान. भरवशाच्या माणसाने सांगितलं, तो शब्द. चार्वाक मात्र प्रत्यक्षालाच पक्कं प्रमाण मानतात.

मी न्यू जर्सीत, बाबा साताऱ्यात. फोनवर ते म्हणतात, ''मी ठणठणीत आहे गं!'' हा झाला शब्द. पण बोलताना त्यांना धाप लागते. त्यावरून मनात येतं, ते अनुमान.

न्यायशास्त्रात 'आप्त' म्हणजे वस्तुस्थिती जाणणारा आणि ती जशीच्या तशी सांगणारा. आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातलग. आणि पोरांना काळजी नको म्हणून दुखणं लपवतात, तेही नातलगच!

शब्द आणि अनुमान जुळेनासे झाले की प्रत्यक्षाला पर्याय नाही. मी पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलंय.