युवर्स फेथफुली : एका चिन्हाविषयी

दहावीनंतर आमचे विद्यार्थी प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज लिहितात व आम्हांस दाखवावयास आणतात. मजकूर बहुधा नेटका असतो. चूक सापडते ती तळाशी, 'युवर्स फेथफुली'मध्ये. तेथे 'आर' आणि 'एस' यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर टांगलेला स्वल्पविराम, हमखास असतो. तरुणपणी नोकरीच्या एका अर्जात आम्हीही हीच चूक केली होती. मुलाखतीच्या वेळी साहेबांनी तिच्याभोवती लाल वर्तुळ काढून कागद शेजाऱ्यांना दाखविला, सारे हसले. इतिहासाचा एकही प्रश्न विचारला गेला नाही.

हे चिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आले, ते गाळलेल्या अक्षराची जागा दाखविण्यासाठी. 'डू नॉट'चे 'डोन्ट' होताना 'ओ' गळतो. तेथे ते बसते. जुन्या इंग्रजीत अनेक नामांना षष्ठीचा 'ईएस' प्रत्यय लागे. त्यातील 'ई' लोपला आणि पुढे हे चिन्ह आपल्या 'चा-ची-चे'चे काम करू लागले.

ते 'एस'च्या आधी की नंतर? प्रथम मालक पूर्ण लिहावा, मग चिन्ह द्यावे. मालक एक 'बॉय' असेल तर चिन्हानंतर 'एस' येतो. मालक अनेक 'बॉइज' असतील तर 'एस' आधीच आलेला असतो; चिन्ह त्याच्यानंतर. मुलांच्या वसतिगृहाच्या फलकावर ते 'एस'च्या आधी रंगविले, तर वसतिगृह एकाच मुलाचे होते! बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नावात मात्र ते 'एस'च्या आधीच योग्य आहे. कारण 'पीपल' हा शब्द 'एस'वाचूनच अनेकवचनी आहे.

नुसत्या अनेकवचनास चिन्ह लागत नाही. बाबासाहेबांच्या 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथनामात ते नाही.

'हर्स', 'अवर्स', 'युवर्स', 'इट्स' ही सर्वनामे मुळातच मालकी सांगतात. त्यांनाही ते नको. 'इट्स'मध्ये ते घातले की अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा होतो. गंमत अशी, की अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाच्या मूळ प्रतीत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, मालकीच्या अर्थाचे 'इट्स' अपॉस्ट्रॉफीसह लिहिलेले आहे. त्या काळी तसेही लिहीत. आमच्या साहेबांनी ती प्रत पाहिली नसावी.

ही हकीकत आम्ही विद्यार्थ्यांना रंगवून सांगतो, आणि मग 'युवर्स'मधले ते चिन्ह त्यांच्याच हातून खोडून घेतो.