मंजूर रुपया गावात कधी पोहोचतो?

सरकारी पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात: किती आला आणि कुणी खाल्ला. माझी सगळी नोकरी नांदेड-लातूर पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली. कनिष्ठ सहायक म्हणून लागले, लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. खाणारे पाहिले नाहीत असं नाही. पण कुणीही न खाता वाया गेलेला पैसा मी त्याहून कितीतरी जास्त पाहिला. उशिरा आलेला, पंचवीस ठिकाणी वाटून कुठेच न पुरलेला, अर्ध्या भिंतीवर अडकलेला. त्याची चौकशी लागत नाही, कारण त्याची व्हाउचरं अगदी व्यवस्थित असतात.

आधी वर्षाचं गणित सांगते. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो आणि 1 एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागतं. कागदावर हातात बारा महिने. प्रत्यक्षात निधी ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने उतरतो. मंजूर तरतूद वेगळी आणि वितरित निधी वेगळा, हे पुढाऱ्यांच्या भाषणात कधी येत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की आमच्या काळ्या रानात दिवाळीपर्यंत रोलर जात नाही. मध्येच एखादी निवडणूक आली की आचारसंहिता. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश ही रांग सरेपर्यंत संक्रांत होऊन जाते. राहिलेल्या दोन-अडीच महिन्यांत वर्षभराचं काम उरकायचं, त्याचं नाव मार्च एंड.

31 मार्चच्या रात्री आमच्या विभागात बसायला खुर्ची मिळायची नाही. टेबलांवर देयकांचे गठ्ठे, शाखा अभियंत्यांच्या काखेत मोजमाप पुस्तिका, बाहेर आवारात कंत्राटदारांच्या गाड्या. अशाच एका रात्री माझ्यासमोर खडीकरणाचं एक देयक आलं. पुस्तिकेतली मोजमापाची तारीख त्याच दिवसाची, उपअभियंत्याच्या तपासणीची सही त्याच दिवसाची, आणि रस्ता मुख्यालयापासून साठ-सत्तर किलोमीटरवर. सकाळी मोजला, दुपारी तपासला, रात्री देयक माझ्या टेबलावर. मी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने वरून निरोप आला, “मॅडम, निधी परत गेला तर नुकसान जिल्ह्याचंच आहे.” हे वाक्य खोटं नव्हतं, खरी अडचण तीच. खर्च न झालेला पैसा शासनाकडे समर्पित होतो आणि पुढच्या वर्षी ‘तुम्हाला खर्चता येत नाही’ म्हणून तरतूद कमी होऊ शकते. म्हणजे घाई करणाऱ्याला बक्षीस आणि थांबून तपासणाऱ्याला दंड. अशा व्यवस्थेत माणसं प्रामाणिक असली तरी रस्ता पातळच होणार.

जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनचा निधी खर्चायला दोन वर्षांची मुभा असते, हे खरं. पण तिथे दुसरी मेख आहे, दायित्वाची. मागच्या कामांची जी देणी उरलेली असतात ती वजा करायची आणि राहिलेल्या तरतुदीच्या दीडपट कामांचं नियोजन करायचं, अशी पद्धत आहे. तिच्यामागचा विचार चांगला होता. काही कामं रद्द होतात, काहींना जागा मिळत नाही, तेव्हा हाताशी जादा कामं असलेली बरी. झालं असं की दीडपट ही मर्यादा न राहता हक्क बनला. प्रत्येक सदस्याच्या गटाला काहीतरी मिळालं पाहिजे, म्हणून पाच शाळांना पुऱ्या दोन-दोन खोल्या देण्याऐवजी पंधरा शाळांच्या खोल्यांना मान्यता. एका गावात खोल्या जोत्यापर्यंत आल्या आणि तिथेच राहिल्या. सलग दोन पावसाळे त्या जोत्यावर पोरं खेळली, शाळा मारुतीच्या देवळात भरली. फाईलवर मात्र ते काम ‘प्रगतीपथावर’ होतं आणि त्या शीर्षाचा खर्च जवळजवळ शंभर टक्के.

याचंच मोठं रूप पाहायचं तर मुखेड तालुक्यात जा. लेंडी नदीवरचा गोणेगावजवळचा हा प्रकल्प महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचा, म्हणजे आता तेलंगणाचा. 1980च्या दशकाच्या मध्यावर त्याला मान्यता मिळाली तेव्हाची किंमत सुमारे 54 कोटी रुपये होती. आज ती दोन हजार कोटींच्या वर गेली आहे. ही वाढ सगळी भ्रष्टाचाराची समजू नका. धरण एका वर्षी पैसे आले तेवढं बांधलं, पुढच्या वर्षी थांबलं. मधल्या काळात सिमेंट-लोखंड महागलं, 2013च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा मोबदला वाढला (आणि तो वाढायलाच हवा होता), पुनर्वसन रेंगाळलं, म्हणून घळभरणी, म्हणजे नदीपात्रातला धरणाचा शेवटचा भाग बुजवण्याचं काम, थांबली. थांबलेल्या प्रकल्पावरही कार्यालय, पगार आणि डागडुजी चालूच असते. शेतकऱ्याची जमीन गेली, पाणी आलं नाही. पुढे ऑगस्ट 2025च्या अतिवृष्टीत याच तालुक्यातल्या, प्रकल्पबाधित हसनाळमध्ये पाणी शिरलं आणि माणसं दगावली. आमचं पुनर्वसन पुरं झालेलं नव्हतं, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. प्रकल्पाला उशीर झाला की किंमत फक्त रुपयांत वाढत नाही.

यावर इलाज सांगणारा माणूस आमच्याच नांदेडचा होता, ही गोष्ट नव्या पिढीला फारशी माहीत नाही. शंकरराव चव्हाण 1986मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी राज्यात शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली. ही कल्पना अमेरिकेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतल्या पीटर पायर यांनी ती मांडली आणि जिमी कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर असताना त्यांनी ती सरकारात वापरली. नेहमीच्या पद्धतीत मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यावर दहा टक्के चढवायचे आणि मोकळं व्हायचं. शून्याधारित पद्धतीत प्रत्येक योजनेला दरवर्षी नव्याने उभं राहावं लागतं: तू कशासाठी आहेस, तुझ्यावाचून काय अडतं, हेच काम कमी पैशात होईल का? ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला शोभणारा प्रश्न. ज्येष्ठ सहकारी सांगायचे, त्या वर्षांत खात्याखात्यांत बंद करायच्या योजनांच्या याद्या निघाल्या, वर्षानुवर्षं नुसता पगार घेणारी पदं उघडी पडली.

टिकली मात्र नाही. शंकरराव 1988मध्ये दिल्लीला गेले, देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी 1989चा केंद्रीय अर्थसंकल्प मांडला, आणि इकडे ती पद्धत हळूहळू तक्ते भरण्यापुरती उरली. योजना सुरू करताना फीत कापायला मिळते, बंद करताना फक्त मोर्चा येतो. दरवर्षी सगळंच शून्यापासून तपासायचं म्हटलं तर तेवढी माणसं आणि तेवढी आकडेवारी कुठल्याच खात्याकडे नसते, हेही तितकंच खरं. माझ्या मते तेवढी गरजही नाही. दरवर्षी पाचवा हिस्सा योजना तपासल्या तरी पाच वर्षांत फेरा पुरा होतो.

‘अहो, मुळात मराठवाड्याला पैसाच कमी मिळाला,’ असं वाचक म्हणतील. कमीच मिळाला. 1953च्या नागपूर करारात मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचा शब्द होता. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने 1984मध्ये राज्याचा अनुशेष 3,186 कोटींचा काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटींचा. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994च्या स्थितीवर पुन्हा मोजला तेव्हा मराठवाड्याचा आकडा चार हजार कोटींवर गेला होता. त्याच 1994मध्ये घटनेच्या कलम 371(2)नुसार वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020ला संपली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. तेव्हा अन्यायाची सगळी कथा मुंबईवर ढकलून आपली सुटका होत नाही. अनुशेष म्हणजे न मिळालेले रुपये, आणि त्यातच मिळूनही अर्ध्यावर अडकलेली कामं. दुसऱ्या भागाचा हिशोब आपल्याच तालुक्यात आहे.

चांगलं उदाहरणही इथलंच देते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला आणि त्यात पैसा दोन तऱ्हांनी खर्च झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या 52 गावांच्या नव्या वसाहती बांधल्या गेल्या: सरळ रस्ते, एकसारखी घरं, बहुतेक काम कंत्राटदार आणि मदतकर्त्या संस्थांकडून. गरज मोठी होती, तरी बैल कुठे बांधायचे आणि कडबा कुठे रचायचा हा प्रश्न त्या आराखड्यात कुणी विचारला नव्हता, अशा तक्रारी पुढे कित्येक वर्षं ऐकू आल्या. दुसऱ्या तऱ्हेत, तडे गेलेल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचं होतं. पैसे हप्त्यांनी त्यांच्या हाती, अभियंता येऊन टप्पा पाहणार आणि मग पुढचा हप्ता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. आपल्या भिंतीत कोपऱ्याला काय घालायचं, किती सिमेंट लागेल, हे त्या शेजारणीला सांगायच्या.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. आमच्या भावकीतल्या एका काकूंच्या घराचं काम मी त्या वेळी पाहिलं. काकूंना सही यायची नाही, पण सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब त्या ओसरीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवत. पोतं कमी उतरलं की दुकानदाराशी भांडण तिथल्या तिथे. इतकं कडक लेखापरीक्षण मी पुढे सरकारी नोकरीत कधी पाहिलं नाही. त्या खर्चाची रचनाच अशी होती की हप्ता भिंत पाहून सुटायचा, तारीख पाहून नाही.

याउलट, संकट आलं की सरकारला पैसा नेहमी सापडतो. 2016मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर; मग पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत गाड्या धावल्या आणि देशभर फोटो छापून आले. ते करायलाच हवं होतं. पण जुन्या जलवाहिनीची गळती काढायला, तलावातला गाळ उपसायला जे लेखाशीर्ष असतं, ‘देखभाल व दुरुस्ती’, त्यात दरवर्षी सर्वांत कमी रक्कम असते आणि काटछाट आली की कात्री पहिली तिथेच लागते. दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही ना!

राज्याचा 2025-26चा अर्थसंकल्प पाहा. 45,891 कोटींची महसुली तूट. लाडकी बहीण योजनेला 36 हजार कोटी, आणि सगळ्या जिल्ह्यांच्या सर्वसाधारण वार्षिक योजनेला मिळून सुमारे 20 हजार कोटी. आमच्या गल्लीतल्या बायकांना ते महिन्याचे दीड हजार किती उपयोगी पडतात हे मला ठाऊक आहे. हा पैसा थेट खात्यात पोहोचतो. पण शाळेची खोली आणि पाण्याची टाकी कुणाच्याच खात्यात जमा करता येत नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत महसुलाचा मोठा वाटा आधीच जातो. त्यात माझंही पेन्शन आलं. उरलेल्या पैशाची ओढाताण असणारच, म्हणूनच तो पंधरा तुकड्यांत वाटणं परवडत नाही.

आलेल्या पैशाचा आकडा लोकांसमोर मांडला की काय होतं, ते युगांडात दिसलं. तो आपल्याहून गरीब देश. तिथे 1991 ते 1995 या काळात केंद्र सरकारने शाळांना पाठवलेल्या अनुदानातले सरासरी फक्त 13 टक्के शाळांपर्यंत पोहोचल्याचं एका पाहणीत दिसलं. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पाठवले याचे आकडे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांच्या भिंतीवर लावायला सांगितले. काही वर्षांत प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. सगळं श्रेय वर्तमानपत्राला नाही, असं नंतर काही अभ्यासकांनी म्हटलं आणि ते बरोबर असावं; पण मुख्याध्यापकाला आपला आकडा कळला, हे मोठंच झालं.

आपल्याकडे तो आकडा आज मोबाइलवर दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के हिस्सा राज्यात थेट ग्रामपंचायतींना आला, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. कोणत्या कामाला किती आणि कोणत्या तारखेला पैसे गेले, हे ‘ई-ग्रामस्वराज’वर गावाचं नाव टाकलं की कुणालाही पाहता येतं. पुढच्या ग्रामसभेला जाताना त्याची एक छापील प्रत बरोबर न्या. नव्या कामांची यादी वाचायला घेतली की हात वर करा, आधी गेल्या वर्षीची अपुरी कामं वाचून दाखवायला सांगा, आणि ती पुरी होईपर्यंत नव्या कामाच्या ठरावावर सही करू नका.