ढोबळी मिरची: सुकली की सडली?

बाजारात आपण ‘सिमला मरचां’ मागतो, पण घरी आली की ती आपली ढोबळी मिरचीच. पीठ पेरून केली की पोळ्या कमी पडतात. आठवड्याची भाजी रविवारी एकदाच आणणारी आपल्या सुरतेतली तरुण जोडपी मला नेहमी विचारतात, “काकू, ही मिरची ठेवायची की टाकायची?”

मिरची घेतानाच देठ बघा. हिरवा देठ आणि घट्ट, चकचकीत साल असेल तर ती ताजी. देठाशी ओल किंवा काळपटपणा असेल तर सड बहुधा तिथूनच सुरू होते.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, अंगावर राहिलेलं पाणी मिरचीचा शत्रू. कोरडी पुसा, सुती कापडात गुंडाळा आणि फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तिला ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. फ्रीजरच्या अगदी जवळ ठेवली तर गारठ्याने सालीवर खड्डे पडतात. हिरवी मिरची आठवडाभर सहज टिकते. लाल-पिवळी आधीच पिकलेली असते, म्हणून ती आधी वापरा. चिरलेली मिरची घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून ३ दिवसांत संपवा. जास्त उरली तर चिरून फ्रीजरमध्ये ठेवा. मऊ पडेल, पण भाजी-पुलावाला चालेल.

आता मुख्य प्रश्न. साल नुसती सुरकुतली असेल तर मिरचीतलं पाणी कमी झालंय, इतकंच. ती टाकू नका, त्याच दिवशी शिजवा. पण हाताला बुळबुळीत लागली, पाणी सुटलं, आंबूस वास आला किंवा आत बुरशी दिसली, तर अख्खी मिरची टाका. घट्ट सालीवर बुरशीचा एखादाच बारीक ठिपका असेल, तर भोवतालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेली वापरता येते.

बाहेरून चांगली दिसणारी मिरचीही आतून बुरशीने भरलेली असू शकते. म्हणून भरली मिरची करतानासुद्धा आधी देठाकडून उघडून आत बघा. शिजवल्याने बुरशी मरते, पण काही बुरशींनी सोडलेलं विष उष्णतेने जात नाही. लहान मुलांच्या डब्यात भाजी देताना तर एवढं बघाच.

आणि ढिगातली एक सडलेली दिसली, तर ती लगेच बाजूला काढा. तिच्या ओलीने शेजारच्याही जातात.