डब्यावरचं लेबल, तव्यावरची पोळी आणि पायथन

आजकाल घरोघरी कुणी ना कुणी कोडिंग शिकत असतं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन आहे आणि नोकरी करता करता नवं काही शिकू पाहणारे ताई-दादाही अनेकदा इथूनच सुरुवात करतात. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली ही भाषा सोपी वाटते, कारण ती फारशी विचारपूस करत नाही. पण त्यामुळेच काही चुकांवरही ती गप्प राहते. अशीच एक चूक आज समजून घेऊया.

लेबल म्हणजे हमी नव्हे

फंक्शन म्हणजे काम सांगितलं की उत्तर आणून देणारा कोडचा तुकडा. ते उत्तर संख्या आहे, मजकूर आहे की यादी, हे सांगतो तो रिटर्न टाइप. जावामध्ये हा प्रकार आधीच लिहावा लागतो. तो जुळला नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. पायथन मात्र डायनॅमिक भाषा आहे. इथे प्रकार प्रोग्राम चालताना ठरतो.

२०१५ मध्ये आलेल्या पायथन ३.५ पासून प्रकार लिहिण्याची ठरावीक पद्धत मिळाली, ती म्हणजे टाइप हिंट. फंक्शनच्या पहिल्या ओळीत बाण काढून ‘इंट’ लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, पूर्णांक मिळणार. पण प्रोग्राम चालताना पायथन ते तपासत नाही. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा निघणं आपल्या घरांत नवं नाही, तसंच हे!

यील्ड आलं की चित्र बदलतं

‘रिटर्न’ म्हणजे सगळ्या पोळ्या करून भरलेला डबा हाती देणं. ‘यील्ड’ म्हणजे तव्यावरून एकेक गरम पोळी वाढणं. मागितली की पुढची, तोवर काम थांबलेलं. अशा फंक्शनला जनरेटर म्हणतात. २००१ मध्ये पायथन २.२ सोबत ते आले. दहा लाख नोंदी वाचायच्या असतील तर सगळ्या एकदम मेमरीत भराव्या लागत नाहीत, हा मोठा फायदा.

गंमत अशी की फंक्शनमध्ये एक जरी यील्ड असलं तरी ते बोलावल्यावर संख्या किंवा यादी मिळत नाही, हातात येतो जनरेटर. म्हणून तिथे ‘इंट’ किंवा ‘लिस्ट’ हे लेबल चुकीचं. बरोबर लेबल ‘इटरेटर’ आणि चौकटी कंसात ‘इंट’.

नुकसान कुठे होतं?

समजा, महिन्याच्या खर्चाच्या नोंदी जनरेटर देतो. पहिल्यांदा बेरीज केली, ४२,५०० आले. अगदी बरोबर. सरासरीसाठी त्याच जनरेटरची पुन्हा बेरीज केली, तर उत्तर ०! कणीक संपली, आता पोळी कुठून येणार? एररही दिसत नाही. ‘नोंदी रिकाम्या आहेत का?’ असं ‘इफ’ लावून विचारलं तरी फसगत होते. नोंद एकही नसली, तरी जनरेटर ‘आहे’ असंच उत्तर मिळतं.

हे लक्षात ठेवा

• फंक्शनमध्ये यील्ड दिसलं की लेबल इटरेटरचंच लावा.

• नोंदी पुन्हा लागणार असतील तर आधी लिस्टमध्ये भरून घ्या किंवा फंक्शन नव्याने बोलवा.

• मायपाय हे मोफत टूल वापरा. यील्ड असलेल्या फंक्शनवर ‘इंट’ लिहिलं असेल तर ते प्रोग्राम चालवण्याआधीच सांगतं. एकच जनरेटर दोनदा वापरण्याची चूक मात्र ते पकडत नाही.

तिथे आपलीच नजर कामी येते. ‘इटरेटर’ वाचलं की समजायचं, हे एकदाच वाढलं जाऊ शकतं. लेबल लिहायला काही सेकंद लागतात, पण हरवलेल्या ४२,५०० चा शोध घ्यायला अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.