जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा की संगणकच?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्या सुमारास ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या भागातील अनेक छोट्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी बिले व हिशेब यांसाठी संगणक घेतले. ते संगणक आता वयस्क झाले आहेत. गिऱ्हाईक उभे असते आणि बिल निघत नाही. अशा वेळी कोणी म्हणतो, "प्रोसेसर बदला," तर कोणी म्हणतो, "नवाच घ्या." खिशात हात घालण्यापूर्वी नेमके दुखणे कुठे आहे, ते पाहणे शहाणपणाचे.

आधी रोग ओळखा

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. पण संगणक संथ चालतो त्याला दर वेळी मेंदूच कारण असतो असे नाही. काम अडलेले असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात.

डिस्कचा आकडा सतत शंभराजवळ असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली की संगणक सुरू होण्यास आणि हिशेबाची फाइल उघडण्यास लागणारा वेळ बराच कमी होतो. मेमरी भरलेली असेल तर ४ जीबीऐवजी ८ जीबी रॅम करावी. मात्र २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करूनच घ्यावी. सीपीयू सतत शंभरावर असेल तरच प्रोसेसरचा विचार करावा.

त्यातही आधी संगणक उघडून साफ करावा. लाकडाचा भुसा, कापडाचा तंतू, रस्त्याची धूळ पंख्यात साचली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.

पिढी कशी ओळखावी?

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातच त्याची पिढी असते. आय-५ ४५७० म्हणजे चौथी, आय-५ ८४०० म्हणजे आठवी, आय-५ १०४०० म्हणजे दहावी. कोणताही प्रोसेसर कोणत्याही मदरबोर्डवर बसत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचा साचा एक, चौथीचा वेगळा. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठवी पिढी चालत नाही, जरी साच्याचे नाव तेच असले तरी. म्हणजे पिढी बदलायची तर बोर्ड बदलावा लागतो आणि चौथ्या किंवा त्याआधीच्या पिढीचा संगणक असेल तर रॅमही. एएमडीच्या एएम-४ बोर्डधारकांची स्थिती बरी आहे. बायोस अद्ययावत केल्यास पुष्कळ बोर्डांवर रायझन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात. खात्रीसाठी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी पाहावी. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा बोर्डालाच जोडलेला असतो. तो बदलण्याच्या फंदात पडू नये.

विंडोजचा प्रश्न

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. म्हणजे २०१७ च्या सुमारास घेतलेले बरेचसे संगणक थोडक्यात हुकतात. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यासाठी ही बाब वेगाहून महत्त्वाची आहे.

निर्णय कसा घ्यावा?

१. आठवी पिढी किंवा त्यापुढचा संगणक असेल तर एसएसडी व रॅम घालून आणखी काही वर्षे वापरावा.

२. सहावी-सातवी पिढी असेल तर त्याच बोर्डावर आय-३ काढून जुना आय-५ बसवण्याने वेग वाढेल, पण विंडोजचा प्रश्न सुटणार नाही. तो केवळ डिझाइन किंवा छपाईच्या कामास, इंटरनेटविना, ठेवायचा असेल तरच हा खर्च करावा.

३. त्याहून जुना असेल तर प्रोसेसरवर पैसा घालू नये. दुरुस्तीचा एकूण खर्च बदली संगणकाच्या निम्म्यावर जात असेल तर बदलणेच किफायतशीर.

नवा परवडत नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कार्यालयांतून निघालेले संगणक मिळतात. कल्याण-ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे. पिढी स्वतः तपासावी, वॉरंटी लेखी घ्यावी, बिल पक्के घ्यावे. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्याला दुकानाच्या कामासाठी घेतलेल्या संगणकावर बिलात लावलेल्या जीएसटीची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास मिळत नाही.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. म्हणून मिस्त्रीने स्क्रूला हात लावण्यापूर्वी सर्व हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. प्रोसेसर बाजारात पुन्हा मिळेल, पण गेलेली वहीखाती मिळणार नाहीत.