तळ्यात की मळ्यात

कोरड्या दिवसांत ह्यूस्टनच्या पश्चिम भागात गेलेल्या माणसाला तिथे अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन मोठी धरणं आहेत, हे सांगूनही पटत नाही. पाणी कुठेच दिसत नाही. गवत माजलेला लांबच लांब मातीचा बांध, त्याच्या आत बागा, खेळाची मैदानं, सायकलींच्या वाटा आणि मधूनच गेलेले वाहते रस्ते. अ‍ॅडिक्सचा बांध सुमारे 19 किलोमीटर लांब, बार्करचा सुमारे 22. उंची मात्र ओढ्याच्या तळापासून मोजली तरी पंधरा मीटरच्या आत. इथून पाटाला पाणी जात नाही, वीज तयार होत नाही, शहराची तहानही भागत नाही. वर्षातले बहुतेक दिवस रिकामी राहावीत म्हणूनच ही धरणं बांधली. अतिवृष्टी झाली की दारं लावायची, पाणी अडवायचं आणि पूर ओसरला की ते बेताबेताने सोडून द्यायचं, एवढंच त्यांचं काम.

टेक्सासमधलं हे शहर 1836 साली वसलं तेच बफेलो बायूच्या काठी. बायू म्हणजे संथ, गढूळ, वळणावळणाचा प्रवाह. एरवी तो निरुपद्रवी वाटतो. 1929 साली त्याने शहराला मोठा तडाखा दिला आणि डिसेंबर 1935 मध्ये त्याहून मोठा. मध्यवस्तीतल्या बाजारपेठेचे पंचवीस ब्लॉक पाण्याखाली गेले, माणसं दगावली. धक्के बुडाले, जहाजांची वाट गाळाने भरली आणि बंदराचा कारभार कित्येक महिने विस्कळीत राहिला. तेल आणि कापसाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या शहराला हे परवडणारं नव्हतं. 1937 मध्ये हॅरिस काउंटीचं पूरनियंत्रण मंडळ स्थापन झालं, पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेची मंजुरी आली आणि काम लष्कराच्या अभियंता दलाकडे गेलं.

1940 सालची मूळ योजना चांगली भरभक्कम होती. वरच्या अंगाला अ‍ॅडिक्स, बार्कर आणि व्हाइट ओक असे तीन जलाशय. उत्तरेच्या सायप्रस क्रीकचं पाणी इकडे उतरू नये म्हणून एक बांध. आणि शहराला वळसा घालून पुराचं पाणी गॅल्व्हेस्टनच्या उपसागराकडे नेणारे कालवे. प्रत्यक्षात 1945 मध्ये बार्कर पुरं झालं, 1948 मध्ये अ‍ॅडिक्स, आणि गाडी तिथेच थांबली. व्हाइट ओकचा जलाशय, सायप्रसचा बांध, कालवे, सगळं कागदावरच राहिलं.

जमिनीचंही तेच झालं. सरकारने दोन्ही जलाशयांसाठी मिळून सुमारे 26,000 एकर घेतली. पण जलाशय काठोकाठ भरला तर त्याचा फुगवटा या हद्दीच्या पुष्कळ बाहेर जाणार, हे आराखड्यातल्या उंचीच्या आकड्यांवरूनच दिसत होतं. अ‍ॅडिक्सची जमीन साधारण 103 फूट पातळीपर्यंत घेतली, बार्करची 95 फुटांपर्यंत. बांध मात्र त्याहून कितीतरी वरच्या पातळीचं पाणी पेलायला बांधलेला. फरक फुटांत लहान दिसतो, पण हा माळ इतका सपाट आहे की पाणी फूटभर चढलं तर कडेला फार लांबवर पसरतं. वरच्या बाजूला तेव्हा भातशेती होती, गुरांची कुरणं होती. चार-सहा पिढ्यांत एकदा कुरणात पाणी शिरेल, त्यासाठी जमीन कशाला विकत घ्यायची, हा हिशेब त्या काळी शहाणपणाचा वाटला असेल. जलाशय आराखड्यात मोठा आणि सातबाऱ्यावर लहान, अशी अवस्था मात्र त्या दिवसापासून झाली.

सुरुवातीला प्रत्येक धरणाच्या पाच निर्गम नळांपैकी चारांना दारंच नव्हती; पाणी आपोआप वाहून जायचं. मग खालच्या अंगाला बायूच्या काठाने बंगले उठू लागले, तशी दारं बसत गेली. 1963 पर्यंत पाचही नळांवर झडपा आल्या. खालच्या घरांना धक्का लागू नये म्हणून बायूतला प्रवाह एरवी 2,000 क्युसेकच्या आत ठेवायचा, हा दंडक झाला. खडकवासल्यातून पस्तीस-चाळीस हजार क्युसेक सुटलेले पाहणाऱ्या पुणेकराला हा आकडा थट्टेचा वाटेल, पण बायूचं पात्रच तेवढं. खाली कमी सोडायचं म्हणजे वर जास्त दिवस साठवायचं, हे ओघाने आलंच.

आणि वर तोवर कुरणं उरली नव्हती. शहर पश्चिमेकडे धावत सुटलं. सरकारी हद्दीच्या कुंपणाला लागून, पण पूर्ण फुगवट्याच्या आत, वसाहतींमागून वसाहती मंजूर झाल्या. शाळा उत्तम, रस्ते रुंद, तेल कंपन्यांची कार्यालयं जवळ. 2017 पर्यंत बुडीत क्षेत्रातली घरं हजारोंनी मोजावी लागत होती. फोर्ट बेंड काउंटीच्या काही वसाहतींच्या नकाशांवर बारीक अक्षरात एक टीप असायची: ही जागा बार्कर जलाशयालगत असून अभियंता दलाच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ पाण्याखाली जाऊ शकते. घर घेणारा नोंदणीच्या कार्यालयातला मूळ नकाशा कशाला उघडून बघतो? शिवाय यातली पुष्कळ घरं पूरविमा सक्तीच्या पट्ट्यात येत नव्हती, कारण तो पट्टा नद्या-ओढ्यांच्या पुरावरून आखलेला. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा कागदोपत्री तरी असते आणि बिल्डर ती सरकवण्याच्या खटपटीत असतो. इथे सरकवायलाही रेषा नव्हती.

इशारे मिळाले नाहीत असं नाही. 1996 मध्ये पूरनियंत्रण मंडळाच्याच अभियंत्यांनी धोका मांडला होता आणि केटी फ्रीवे हा महामार्ग नव्याने बांधायचाच आहे तर त्याच्याखालून पाणी वाहून नेणारा प्रचंड नळ घालावा, असं सुचवलं होतं. खर्चाचा अंदाज 40 कोटी डॉलरचा. पुढे फ्रीवे रुंद झाला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून सव्वीस पदरी. नळ काही आला नाही. 2009 मध्ये निर्गम नळांभोवतीच्या पाझरामुळे दोन्ही धरणं देशातल्या अतिधोकादायक धरणांच्या यादीत गेली. एप्रिल 2016 च्या पावसात पाण्याने तोवरचा उच्चांक गाठला आणि ते सरकारी हद्दीच्या अगदी कडेशी येऊन थांबलं.

2017 साली गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला होती. त्याच रात्री हार्वे हे चक्रीवादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन असलेल्या 26 तारखेच्या रात्रीपासून ह्यूस्टनवर खरा पाऊस कोसळू लागला आणि सरता सरेना. केटी, सिंको रँच या भागांत भारतीय कुटुंबं बरीच, त्यांत मराठीही. उत्सवाच्या दिवसांत लक्ष लागलं ते पाण्याच्या पातळीकडे. बांध न घातलेल्या सायप्रस क्रीकचं पाणी ओसंडून अ‍ॅडिक्समध्ये उतरलं. दारं बंद, जलाशय फुगतोय, वरच्या घरांत पाणी. 28 तारीख लागल्यावर मध्यरात्रीच अभियंता दलाने दारं उघडायला सुरुवात केली. विसर्ग वाढत सुमारे 13,000 क्युसेकवर गेला आणि खालच्या काठावरची घरंही बुडाली. 30 तारखेला अ‍ॅडिक्सची पातळी 109 फुटांवर होती. बांधाच्या उत्तर टोकाला वळसा घालून पाणी बाहेर पडत होतं. असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. घरांतलं पाणी ओसरायला कित्येक दिवस लागले.

धरण फुटलं नाही. मध्यवर्ती ह्यूस्टनवर याहून भयंकर पाणी आलं असतं, ते त्याने अडवलं. अभियंत्यांच्या बाजूने हे सांगायलाच हवं. पण न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता: दुसऱ्याच्या जमिनीवर पाणी साठवण्याचा हक्क सरकारला कोणी दिला? डिसेंबर 2019 मध्ये न्यायाधीश चार्ल्स लेटो यांनी वरच्या अंगाच्या घरमालकांच्या बाजूने निकाल दिला. एवढं पाणी साठेल हे सरकारला ठाऊक होतं, तेव्हा जमिनीचा हा वापर म्हणजे एक प्रकारचं संपादनच, आणि त्याची भरपाई देणं भाग आहे. दोन महिन्यांनी दुसऱ्या न्यायाधीशांनी खालच्या अंगाच्या मालकांचा दावा फेटाळला. 2022 मध्ये अपिलात तो निकाल फिरला. त्याच वर्षी लेटो यांनी वरच्या बाजूच्या सहा नमुना मालमत्तांची भरपाई ठरवली. रक्कम सगळी मिळून साडेचार लाख डॉलरच्या घरात.

धरणांचे नवे निर्गम नळ 2020 मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी अभियंता दलाच्या अंतरिम अहवालात उपायांची यादी आली: बायू रुंद आणि खोल करा, जलाशय खोल खणा किंवा सायप्रस क्रीकवर तिसरा जलाशय बांधा. पहिल्यावर काठावरचे रहिवासी कडाडले, तिसऱ्यावर केटीचा गवताळ माळ राखणारे. मग चर्चा पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या भुयारांकडे वळली. टेक्सासच्या कायद्यात 2019 पासून एक छोटा बदल मात्र झाला आहे. घर विकणाऱ्याला द्याव्या लागणाऱ्या माहितीपत्रकात आता विचारलेलं असतं, की ही मालमत्ता जलाशयाच्या पूरक्षेत्रात येते का.