सोमल, गंज आणि तीन कळशा

दिलेला शब्द कुणी मोडला की आपण म्हणतो, ‘त्याने वचनाला हरताळ फासला.’ हा हरताळ कुठला, असे वर्गात विचारले की मुले हटकून संप, बंद आणि मोर्चे ह्यांच्याकडे धावतात. वास्तविक हरताळ हे एक पिवळेधमक खनिज. पोथी उतरून घेताना अक्षर चुकले की जुने लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देत. चूक झाकली जाई आणि किडीपासूनही पोथीचा बचाव होई. कीड दूर राहण्याचे कारण उघड आहे. हरताळात आर्सेनिक असते. वैद्यांचा मनशीळ त्याच घराण्यातला, आणि सोमल हा त्या घराण्यातला सर्वांत जहाल पुरुष!

हेच आर्सेनिक बंगालच्या पिण्याच्या पाण्यात निघाले. पूर्वी तिकडची खेडी तळ्याचे, नदीचे पाणी पीत, आणि पटकी व हगवण ह्यांनी पोरेबाळे दगावत. म्हणून १९७०च्या दशकात ‘युनिसेफ’च्या साहाय्याने बांगलादेशात गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू उत्तम होता. पाणी काचेसारखे स्वच्छ, थंडगार, जंतूंचे भय कमी. घरोघरच्या बायकांना तो हातपंप म्हणजे देवाची देणगीच वाटला असेल. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा ह्यांच्याकडे पश्चिम बंगालमधले काही रोगी आले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी. कारण शोधता शोधता बोट पाण्याकडे गेले. १९९३ साली बांगलादेशातही तेच आढळले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अंदाज छापून आला की, बांगलादेशच्या साडेबारा कोटी लोकांपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसांना ह्या पाण्याचा धोका आहे.

ह्या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटते आणि विष तेवढेच राहते. कित्येक वर्षे पीत राहिल्यावर त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. त्याआधी डाग दिसतात. ते महारोगाचे समजून मुलींची लग्ने अडली, नांदत्या सुना माहेरी धाडल्या गेल्या. आजार पाण्यातला, पण शिक्षा भोगली बायकांनी.

हे विष कुठल्या कारखान्याचे नव्हे. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजासारखे पातळ लेपन असते आणि आर्सेनिक त्याला चिकटून बसलेले असते. जमिनीखाली जिथे प्राणवायू नाही, तिथे कुजक्या पाल्यापाचोळ्यावर जगणारे जंतू तो गंज विरघळवतात आणि धरून ठेवलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. म्हणजे जमिनीखाली लोखंडाच्या हातून जे निसटले, ते वर आणून पुन्हा लोखंडाच्याच हाती द्यायचे. इलाज इतका सरळ आहे.

अबुल हुस्साम हे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मूळ गाव बांगलादेशातले कुष्टिया. स्वतःच्या घरच्या विहिरीचे पाणी तपासले, तर त्यातही आर्सेनिक! मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकावर एक तीन ‘कोलशी’ रचल्या. हा शब्द वाचला आणि मी थबकलो. ती आपलीच कळशी की हो! वरच्या कळशीत लोखंडाचा कीस आणि वाळू, मधल्या कळशीत कोळसा आणि बारीक वाळू, खालच्या कळशीत शुद्ध पाणी. कीस गंजे आणि गंज विष ओढून घेई. अडचण एवढीच, की काही दिवसांनी कीस घट्ट ढेकूळ होऊन बसे. हुस्सामांनी मग न ढेकळणारे लोखंडी मिश्रण तयार केले आणि त्या बादलीच्या गाळणीला २००७ साली दहा लक्ष डॉलर्सचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी गाळण्या वाटण्यासाठीच दिली.

आता ह्या गंजाचे कण जितके लहान, तितके काम जास्त. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्र सहा चौरस सेंटिमीटर. तोच कापून एक नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर त्यांचे एकूण क्षेत्र सहा हजार चौरस मीटर भरते. दीड एकर जमीन! वजन मात्र तेवढेच. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर. आपले पूर्वज कवडशात तरंगणाऱ्या धूलिकणाला त्रसरेणू म्हणत, पण नॅनोकणापुढे तो त्रसरेणू म्हणजे गोवर्धन पर्वत.

ह्याच हिशेबाने अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात बारा नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकी लोहाचे, कण बनवले गेले. ते पाण्यात ढवळायचे, आर्सेनिक त्यांना चिकटू द्यायचे, आणि मग साध्या लोहचुंबकाने ओढून बाजूला करायचे. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे त्याच मंडळींनी गंज आणि खाद्यतेल चुलीवर तापवूनही असे कण करून दाखवले. मला त्यात प्रयोगशाळेपेक्षा माजघराचाच वास अधिक येतो. मद्रासच्या आय. आय. टी.त प्रा. टी. प्रदीप ह्यांनी अतिसूक्ष्म लोहकण कायटोसानच्या जाळ्यात बसवले. कायटोसान निघते कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून, जी आपण उकिरड्यावर टाकतो. त्यांच्या ह्या पद्धतीचे नाव ‘अमृत’. नाव जरा मोठे आहे, पण आर्सेनिक पीत आलेल्या गावाला विचारा!

पुण्याचाही ह्या कथेशी दुरून संबंध आहे. टाटांच्या संशोधनकेंद्रात भाताच्या तुसाच्या राखेची गाळणी तयार झाली. पुढे त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये ‘स्वच्छ’ नावाने ती हजार रुपयांच्या आत बाजारात आली, विजेशिवाय चालणारी. चांदी जंतू मारते. मात्र लक्षात ठेवावे, चांदी म्हणजे आर्सेनिकवरचा उतारा नव्हे. एक गाळणी सगळ्या रोगांवर असा समज दुकानदारांनी पसरवला, तरी तो आपण बाळगू नये.

आणि लोखंडाचीही एक मर्यादा आहेच. कणांची जागा भरली की गाळणी संपली. पण ती संपली हे तिच्या धारेवरून कळत नाही. फडके तुंबले की दिसते. हिची धार पहिल्या दिवसाइतकीच स्वच्छ. शिवाय विषाने भरलेला तो लोहगाळ कुठे टाकायचा, हेही कुणीतरी आधी ठरवलेले असावे लागते. नाही तर तो परसदारी पडतो.

बांगलादेशात सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून, विषारी होत्या त्या लाल आणि निर्धोक त्या हिरव्या रंगवल्या. सुमारे चौदा लाख लाल निघाल्या. पुढे बऱ्याच ठिकाणी रंग उडाला. लोकांनी स्वखर्चाने नव्या नलिका खोदल्या, त्यांतल्या कित्येक तपासल्याच गेल्या नाहीत. तपासणी मोठी अवघड नाही. बाटलीत पाणी घ्यायचे, रसायन टाकायचे, तोंडाशी कागदाची पट्टी धरून थोडा वेळ थांबायचे. पट्टी पांढरी राहिली तर ठीक. पिवळी पडली, तर त्या पंपाचे पाणी फक्त भांडी घासायला.